लॅच लागला आणि चावी आत : मामाचा फोन गेला त्या पाच दिवसांचं प्रकरण

फोन हरवणं ही आता काही बातमी राहिली नाही, ठाणे स्टेशनला तर नाहीच. पण मामाचा फोन गेला तेव्हा आमच्या घरात जे पाच दिवस चाललं ते मी मुद्दाम तारखेवार लिहून ठेवलं होतं, कारण ह्यात पैसे गेले नाहीत, हॅकिंग झालं नाही, कोणी फसवलं नाही, आणि तरीही एक भरलेला ट्रक गेटवर दीड तास उभा राहिला. आणि दोन-तीन चुका माझ्या स्वतःच्या आहेत, त्या झाकत नाही.

मामा एकसष्ट वर्षांचा. राहायला पाचपाखाडीत, आणि रबाळे एमआयडीसीत त्याचं खोके बनवायचं छोटं युनिट, पुठ्ठ्याचे कोरुगेटेड बॉक्स. सात-आठ माणसं, अकाउंट बघणारी एक ताई, एक जुना डेस्कटॉप. रोज ट्रान्स हार्बरच्या लोकलने ठाणे ते रबाळे आणि परत. फोनवर टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी दुसरी पायरी, मीच लावून दिलं होतं दोन वर्षांपूर्वी, मोठ्या उत्साहाने, कारण त्याच्या एका मित्राचं फेसबुक गेलं होतं आणि तो घाबरला होता. जीमेलला गुगल ऑथेंटिकेटर, म्हणजे फोनवर सहा आकडी कोड दाखवणारं ॲप, शेअर ब्रोकरच्या ॲपला तेच, फेसबुक पेजला तेच. ऑथेंटिकेटर पहिल्यांदा उघडलं की विचारतं, खात्याने साइन इन करायचं की खात्याशिवाय वापरायचं. मी 'खात्याशिवाय' दाबलं. तेव्हा वाटलं, कशाला उगाच क्लाउडवर. गुगलने एप्रिल २०२३ मध्ये ऑथेंटिकेटरचे कोड खात्याशी सिंक करायची सोय दिली, त्याआधी ती नव्हतीच, त्यामुळे माझ्या डोक्यात जुनीच सवय होती. आणि बॅकअप कोड, फोन नसेल तेव्हा वापरायचे ते? गुगल दहा कोड देतं, प्रत्येकी आठ आकडी, एक कोड एकदाच चालतो. ते मी डाउनलोड केले आणि नीट, व्यवस्थित, मामाच्याच गुगल ड्राइव्हमध्ये ठेवले.

वाचताना तुम्हाला हसू आलं असेल तर बरोबर आहे. फ्लॅटचा लॅच लागतो आणि चावी आत टेबलावर असते तसं. फक्त इथे दुसरी चावी पण आतच, आणि चावीवाल्याचा नंबर पण आतल्या डायरीत.

मंगळवार, संध्याकाळ

गाडी ठाण्याला नऊ-दहा नंबरवर लागली, पाऊस होता, सगळे एकदम जिन्याकडे. मामाने फोन शर्टाच्या खिशात ठेवला होता. स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाखाली रिक्षाच्या रांगेत उभा राहिल्यावर खिसा चाचपला तर नाही. बाजूच्या माणसाने फोन दिला, कॉल करा म्हणाला, आणि मामाला एकही नंबर पाठ नाही. मामीचा नाही, मुलाचा नाही, माझा नाही. एकच पाठ होता, घरचा लँडलाइन, जो बंद करून चार वर्षं झाली. मग चालतच घरी गेला, सव्वाआठला मामीच्या फोनवरून मला फोन. मी ऐरोलीत राहते, तिथूनच सांगत बसले.

पहिलं काम, सिम बंद. मामीने कस्टमर केअरला लावून आठ चाळीसला बंद करून घेतलं. मग बँकेच्या हेल्पलाइनवर यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवलं. पैसे गेलेलेच असते तर १९३० ला फोन, तो सायबर फसवणुकीचा नंबर, पण सुदैवाने तशी वेळ आली नाही. इथपर्यंत ठीक.

पण एक गोष्ट मला नंतर लक्षात आली. सिम बंद केलं की त्या फोनचं इंटरनेटही गेलं, आणि लांबून फोन लॉक करायचा किंवा पुसायचा हुकूम नेटवरूनच पोचतो. म्हणजे सिम बंद करणं आणि फोन लांबून पुसणं ह्यात एक आधी करावं लागतं. मला विचाराल तर मी आजही सिमच आधी बंद करेन, कारण त्या सिमवर ओटीपी येतात आणि चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की स्क्रीन लॉकचा काही उपयोग नाही. पण तुमच्यासमोर लॉगइन असलेला कॉम्प्युटर असेल तर दोन मिनिटं देऊन आधी फोन लॉक करा, मग सिम. आमच्यासमोर नव्हता.

मग माझी दुसरी चूक. मी माझ्या लॅपटॉपवर मामाचं जीमेल उघडायला बसले. पासवर्ड मामाला अर्धवट आठवत होता, तीन-चार प्रयत्नांत लागला. पुढे दुसरी पायरी. फोनवर आलेल्या सूचनेवर 'होय' दाबा. फोन नाही. दुसरा मार्ग, ऑथेंटिकेटरचा कोड. फोन नाही. दुसरा मार्ग, बॅकअप कोड. ते ड्राइव्हमध्ये, ड्राइव्ह ह्याच दाराच्या आत. मी मागे जाऊन पुन्हा, पुन्हा, सहा-सात वेळा केलं, जणू कंटाळून दार उघडणार आहे. गुगलच्याच मदतीच्या पानावर साफ लिहिलंय की खातं परत मिळवताना नेहमीचं डिव्हाइस, नेहमीचा ब्राउझर आणि नेहमीची जागा वापरा, म्हणजे घर किंवा ऑफिस. आणि मी काय करत होते, तर ज्या लॅपटॉपवर ते खातं जन्मात उघडलं नाही त्यावरून, ऐरोलीच्या वायफायवरून, रात्री दहाला, एकामागून एक. समोरच्या सिस्टिमच्या जागी मी असते तर मलाच चोर समजले असते.

तेवढ्यात मामेभाऊ पुण्याहून फोनवर. तो म्हणे, "ताई, आधी पासवर्ड बदल आणि सगळीकडून लॉगआउट कर, मी सगळीकडे वाचलंय तेच." आणि हा सल्ला चुकीचा नाही, फक्त आमच्यासाठी त्या क्षणी घातक होता. कारण मामाच्या बोलण्यात मधेच आलं, "ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल उघडाच असतो की."

हेच ते. एक खिडकी उघडी होती. पासवर्ड बदलला की बाकीच्या डिव्हाइसवरून लॉगआउट होऊ शकतं, आणि मग ती खिडकीही आपणच आपल्या हाताने लावून घेतली असती. मी भावाला म्हटलं, कशाला हात लावू नकोस. त्याला राग आला असावा, दोन दिवस बोलला नाही नीट.

अकाउंटवाल्या ताईला रात्रीच सांगायचं होतं की सकाळी कॉम्प्युटरवर काही क्लिअर करू नकोस, कोणी अपडेट कर म्हटलं तरी करू नकोस. पण ताईचा नंबर? मामाच्या फोनमध्ये. कॉन्टॅक्ट कुठे सेव्ह? गुगल खात्यात. मामी म्हणाली, "तुमचं सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं आहे." ह्यावर बोलायला काही नव्हतं.

बुधवार सकाळ, रबाळे

ताईच्या आधी पोचायचं म्हणून मी आणि मामा सव्वाआठलाच युनिटवर. कॉम्प्युटर चालू केला, विंडोजचा पिन मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. सुरक्षेवर बोलणारे लोक अशा चिठ्ठीला नावं ठेवतात आणि ते बरोबरच आहे, पण त्या दिवशी त्या पिवळ्या कागदाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. क्रोम उघडलं, जीमेल उघडलं. आत होतो.

आता इथे घाई नाही करायची. मी कागद-पेन घेतलं आणि आधी ठरवलं काय कुठल्या क्रमाने. सुरक्षेच्या पानावर टू स्टेपमध्ये जाताना पासवर्ड परत मागितला, तो दिला. दुसरी पायरी मागितली नाही, कारण कधीतरी ताईने 'ह्या कॉम्प्युटरवर पुन्हा विचारू नका' वर टिक केलेली होती. मागितली असती तर ड्राइव्ह उघडून तिथले जुने कोड काढता आले असते, कारण आता दार आतून उघडं होतं. मग :

आधी बॅकअप कोडचा नवीन संच काढला. नवीन काढला की जुने दहाच्या दहा बाद होतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर घरात दोन कागद होतात आणि नेमका मेलेला हाताला लागतो. प्रिंटर रुसलेला, म्हणून हाताने लिहून घेतले, दोनदा ताडून. त्यानंतर मामीचा नंबर दुसऱ्या पायरीसाठी जोडला, तिच्या फोनवर कोड आला, तिने फोनवर वाचून दाखवला. एवढं झाल्यावर, म्हणजे आत यायचे दोन नवे रस्ते तयार झाल्यावर, डिव्हाइसच्या यादीतून फक्त हरवलेला फोन काढून टाकला. फक्त तो. सगळीकडून लॉगआउट नाही. मग ऑथेंटिकेटरची जुनी जोडणी काढली, आणि सगळ्यात शेवटी पासवर्ड बदलला.

फोन काढून टाकायच्या आधी फाइंड हबवर, म्हणजे हरवलेला फोन शोधायच्या गुगलच्या सोयीवर, जिला पूर्वी फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे, बघून घेतलं. शेवटचं ठिकाण ठाणे स्टेशन, काल सात बावीस. त्यानंतर ऑफलाइन. पुसायचा हुकूम देऊन ठेवला, फोन परत कधी नेटवर आला तर अमलात यावा म्हणून. आला नसावा.

साडेनऊला ताई आली, तिला बघून मामाला एकदम आठवलं. अकराला वापीचा माल आहे.

ट्रक

हा भाग थोडा सविस्तर सांगते कारण टू फॅक्टर म्हटलं की सगळे मेल आणि बँकेचंच बोलतात, धंद्यातलं कोणी बोलत नाही. माल गाडीने पाठवताना सोबत लागतं ते जीएसटीचं ऑनलाइन ई-वे बिल, त्याच्या पोर्टलवर टू फॅक्टर टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, वर्षाला वीस कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ जानेवारी २०२५ पासून, पाच कोटींवरच्यांना १ फेब्रुवारीपासून, आणि आमच्यासारख्या बारक्यांना १ एप्रिल २०२५ पासून. म्हणजे युजर नेम, पासवर्ड आणि वर ओटीपी. ओटीपी तीन प्रकारे मिळू शकतो, एसएमएसने, सरकारी संदेस ॲपवर, किंवा एनआयसी-जीएसटी-शील्ड ह्या ॲपवर. आमच्याकडे पद्धत काय, तर लॉगइन मामाचं, नंबर मामाचा, काम ताईचं. रोज सकाळी ताई ओरडणार, "काका, ओटीपी सांगा," आणि मामा जिथे असेल तिथून, कधी गाडीत लटकत, सांगणार. मजा म्हणजे पोर्टलवर सबयुजरची सोय आहे, प्रत्येक सबयुजरचा वेगळा मोबाइल नंबर, त्याचा ओटीपी त्याच्याच फोनवर. नियम करणाऱ्यांनी ह्याचा विचार केला होता. आम्ही केला नव्हता.

माल गुजरातला चाललेला, पन्नास हजारांच्या वर, म्हणजे ई-वे बिल हवंच. ट्रक भरला, ड्रायव्हर चहा पिऊन आला, दुसरा चहा पिऊन आला. मामा गेटवर येरझाऱ्या. ताई म्हणाली बिल तर मी काढलंय, बिलिंगचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्येच आहे, त्याला ओटीपी लागत नाही. उलाढाल पाच कोटींच्या आत असल्याने ई-इनव्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायची, भानगड नव्हती. अडलं होतं फक्त ई-वे बिल.

सुटका ताईनेच सुचवली. ई-वे बिल माल पाठवणाऱ्यानेच काढलं पाहिजे असं नाही. माल घेणारा काढू शकतो, आणि माल ट्रान्सपोर्टरच्या ताब्यात दिला असेल तर बिलावरच्या माहितीवरून ट्रान्सपोर्टरही काढू शकतो. त्याचं स्वतःचं लॉगइन असतं. ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसला लँडलाइनवरून फोन केला, बिलाचा फोटो माझ्या फोनवरून पाठवला, तो आधी जरा कुरकुरला, मग वीस मिनिटांत ई-वे बिलाचा नंबर आला. वापी दोनशे किलोमीटरच्या आत, एक दिवसाची मुदत पुरते. साडेबाराला ट्रक हलला. दीड तास गेला, तो बहुतेक आम्हाला हे सुचेपर्यंतचा. हा रस्ता रोज वापरायचा नाही, बिल दुसऱ्याच्या लॉगइनने निघालं की नंतर आकडे जुळवताना ताईचं डोकं उठतं, पण अडल्या वेळी आहे हे माहीत असावं.

सिम परत आलं, मेसेज नाही

दुपारी ठाण्याला येऊन कंपनीच्या गॅलरीत आधार दाखवून, फोटो काढून डुप्लिकेट सिम घेतलं. नवीन फोन घेतला, साधाच. चारच्या सुमाराला सिम चालू झालं, मी फोन लावला, वाजला, मामा खूश. आणि अर्ध्या तासाने तक्रार, "बँकेचा ओटीपी येत नाहीये, सिम खराब दिलं."

सिम खराब नव्हतं. सिम बदललं की पहिले चोवीस तास त्या नंबरवर एसएमएस येणं-जाणं बंद ठेवलं जातं, दूरसंचार विभागानेच तसं सांगितलेलं आहे, कारण तुमच्या नावाने दुसऱ्याच कोणी सिम काढून ओटीपी उचलायचे प्रकार होतात. कॉल चालू, मेसेज बंद. नियम आपल्याच भल्याचा, पण हे आधी माहीत नसेल तर माणूस त्या चोवीस तासांत गॅलरीत तीन चकरा मारतो आणि प्रत्येक ठिकाणी 'ओटीपी परत पाठवा' दाबून दाबून खाती ब्लॉक करून घेतो. मी मामाकडून फोन काढूनच घेतला. गुरुवारी एक माल भिवंडीला होता, सत्तर हजारांचा, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ई-वे बिलाची मर्यादा एक लाख, त्यामुळे तो बिलावरच गेला. नशीब.

बुधवारच्या त्या संध्याकाळी मामाने विचारलेला प्रश्न मला ह्या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याने नव्या फोनवर ऑथेंटिकेटर टाकलं, उघडलं, रिकामं. म्हणाला, "नंबर तर माझाच आहे, सिम माझंच आहे, मग ते सहा आकडे कुठे गेले?"

त्याची समजूत अशी होती की ते आकडेही कुठूनतरी सिमवर येतात, मेसेजसारखे. खूप लोकांची असते. मी त्याला पंचांगाचं उदाहरण दिलं. तुझ्याकडे आणि भटजींकडे एकच पंचांग आहे, आज कुठली तिथी हे बघायला एकमेकांना फोन करावा लागतो का? दोघं आपापलं पान उघडतात, तीच तिथी निघते. ऑथेंटिकेटर तसंच. पहिल्यांदा क्यूआर स्कॅन करतो ना, त्या चौकोनात एक गुप्त किल्ली असते, ती एकदाच फोनमध्ये जाते, दुसरी प्रत गुगलकडे किंवा ब्रोकरकडे. त्यानंतर दर तीस सेकंदांनी दोघं आपापल्या घड्याळात बघून, किल्ली आणि वेळ मिळून गणित करतात, सहा आकडे निघतात. नेट लागत नाही, सिम लागत नाही, विमानातही चालतं. ह्या पद्धतीला टीओटीपी म्हणतात, २०११ मध्ये आरएफसी ६२३८ ह्या इंटरनेटच्या सार्वजनिक कागदात ती लिहून निघाली, आणि म्हणूनच कुठल्याही कंपनीचं ॲप कुठल्याही साइटला चालतं. तर पंचांग फोनबरोबर गेलं. नवीन सिम आणलं म्हणून पंचांग परत येत नाही.

मामा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे प्रत दुसरीकडे ठेवली असती तर?" ठेवली असती तर हे लिहायला बसलेच नसते.

गुरुवार, शुक्रवार

एसएमएस गुरुवारी चारनंतर सुरू झाले. मग बाकीचं पटापट झालं कारण मेल हातात होता, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी नवीन ऑथेंटिकेटर जोडायचं असेल तर शेवटी मेल आणि मोबाइलवरच विचारतात. ब्रोकरकडे तसंच झालं. फेसबुकला तर कॉम्प्युटरवर लॉगइन होतंच.

व्हॉट्सॲपला मात्र मी मुद्दाम उशीर केला. कॉम्प्युटरवर जोडलेलं व्हॉट्सॲप फोन नसतानाही चौदा दिवसांपर्यंत चालतं, त्यात ताईची आणि गिऱ्हाइकांची सगळी बोलणी होती, ऑर्डरी होत्या, त्या आधी उतरवून घेतल्या. नव्या फोनवर नोंदणी केली की जुनी जोडणी तुटते. नोंदणी करताना सहा आकडी पिन मागितला, तो अर्थातच मामाला आठवेना, पण पिन ठेवताना मेल दिलेला होता, त्यावर रीसेटची लिंक आली. मेल दिलेला नसता तर सात दिवस थांबावं लागतं. ज्यांनी पिन ठेवलाय आणि मेलचा रकाना रिकामा सोडलाय त्यांनी आज भरून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

रेल्वे पोलिसांकडे तक्रार बुधवारीच दिली होती, ती प्रत घेऊन गुरुवारी संध्याकाळी संचार साथी ह्या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉक केला. आयएमईआय फोनच्या खोक्यावर असतो, आणि खोक्यांच्या धंद्यातल्या माणसाने फोनचं खोकं फेकून दिलेलं होतं. बिलावर सापडला. तुमचा फोन हातात असतानाच *#०६# दाबून आकडा कुठेतरी लिहून ठेवा.

शुक्रवारी मामीच्या फोनवर एक कॉल आला, तुमचा हरवलेला फोन सापडलाय, खात्री करायला आलेला ओटीपी सांगा. हरवलेल्या फोनच्या लॉकस्क्रीनवर मामीचा नंबर मामाने केव्हातरी टाकून ठेवला होता, तिथूनच गेला असणार. मामीने शांतपणे सांगितलं, "ओटीपी ह्यांनाच येत नाही दोन दिवस, तुम्हाला कुठून देऊ?" आणि ठेवला.

घड्याळ पाच मिनिटं पुढे

जीएसटी-शील्डचा किस्सा राहिला. ताईसाठी सबयुजर केला, तिचा नंबर टाकला, तिच्या फोनवर ॲप, ते पहिल्या फटक्यात चाललं. ते ॲप प्ले स्टोअरवर शोधत बसू नका, ई-वे बिलच्या पोर्टलवरून, टू फॅक्टरच्या मेनूतूनच घ्यायचं. मामाच्या नव्या फोनवरही तेच टाकलं, आणि त्याचा एकही कोड चालेना. परत काढलं, परत टाकलं, नाही. ब्रोकरचं ऑथेंटिकेटरही गुरुवारी माझ्या हाताखाली चाललं होतं आणि शुक्रवारी बंद. मी अर्धा तास सर्व्हरला दोष देत बसले. मग सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि मामाच्या फोनकडे बघितलं.

मामाची चाळीस वर्षांची सवय, घरातलं प्रत्येक घड्याळ पाच मिनिटं पुढे, म्हणजे गाडी चुकत नाही. मी काढून घेतलेला नवीन फोन परत हातात आल्याबरोबर त्याने सेटिंगमध्ये जाऊन आपोआप वेळ घेणं बंद केलं आणि पाच मिनिटं पुढे केला. आता तीस सेकंदांच्या पंचांगात पाच मिनिटं म्हणजे दहा पानं पुढे. समोरचा सर्व्हर थोडीफार ढील देतो, एखाद्या पानाची, दहाची कशी देईल? वेळ ऑटोमॅटिक केली, सगळे कोड चालले. मामाला हे पटायला जड गेलं. फोनसाठी म्हणून चाळीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे काय.

रविवारी नव्याने मांडणी

ह्या वेळी मी एकटीने लावून दिलं नाही, दोघांना समोर बसवून, त्यांच्याच हाताने. प्रत्येक ठिकाणचा क्यूआर आला की आधी मामाच्या फोनने स्कॅन, तोच क्यूआर लगेच मामीच्या फोनने पण. हे चालतं हे पुष्कळांना माहीत नसतं, एकच किल्ली दोन फोनमध्ये गेली की दोन्हीकडे तेच आकडे, तपासून बघायचे, जुळले की मगच पुढे. क्यूआरखाली अक्षरांची जी लांबलचक ओळ असते तीच किल्ली, ती ब्रोकरची आणि मेलची कागदावर लिहून घेतली. ऑथेंटिकेटरमधून दुसऱ्या फोनवर नेण्याची सोयही आहे, क्यूआर दाखवून, पण त्यासाठी जुना फोन हातात लागतो, म्हणून ती फोन बदलताना कामाची, हरवल्यावर नाही.

सिंक चालू करायचं का ह्यावर मी दोन दिवस विचार केला. चालू केलं की गुगल खातं मिळालं तर सगळं परत मिळतं, पण कोणी ते खातंच उघडलं तर त्याला सगळे कोड आयते. मामासारख्या माणसासाठी मी चालू केलं. त्याला चोरापेक्षा स्वतःच्या विसरण्याचा धोका जास्त आहे, हे माझं मत, दुसऱ्या घरात वेगळं असू शकेल. फक्त गुगल खात्यात शिरायचा रस्ता ह्या ऑथेंटिकेटरवर एकट्यावर ठेवला नाही, नाहीतर परत तेच गाठोडं. मामीचा नंबर कायम केला, रिकव्हरी मेल म्हणून मामेभावाचा टाकला (त्याच निमित्ताने तो बोलायला लागला), आणि बॅकअप कोडचा कागद.

तो कागद कुठे ठेवायचा ह्यावर बरीच चर्चा. मामा म्हणे पाकिटात. पाकीट आणि फोन एकाच खिशात जातात. मी म्हटलं बँकेच्या लॉकरमध्ये. मामी म्हणाली रात्री दहाला लॉकर कोण उघडणार. शेवटी एक प्रत तिने सोलर पॅनेलच्या आणि सोसायटीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवली आणि दुसरी स्वयंपाकघरात, हळकुंडांच्या स्टीलच्या डब्यात तळाशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. वर नाव नाही, खातं कुठलं ते लिहिलेलं नाही, नुसते आकडे, वापरला की पेनने काट. आणि फ्रिजच्या बाजूला तीन मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात, जे मामाला रोज चहा पिताना वाचायला लावलेत. माझा तो शेवटचे चार आकडे उलटसुलट म्हणतो अजून.

मामाचा जुना फोन सापडला नाही. गेल्या महिन्यात त्याने युनिटवर नवीन कॉम्प्युटर घेतला, लॉगइन करताना फोन चार्जिंगला घरी राहिलेला, तर ताईच्या फोनवरून मामीला लावला. मला नाही लावला, हे विशेष. मामीने डबा काढला, तिसऱ्या ओळीतला कोड वाचला, काट मारली आणि संध्याकाळी मला सांगितलं, "आठ उरलेत. आणि कागदाला हळदीचा वास येतोय."

भिंतीवरचं घड्याळ अजून पाच मिनिटं पुढेच आहे. तेवढ्यावर तडजोड झाली.